दादाचा समुद्रातला रस्ता

"ताई, तुमचे भाऊ उठून न्हाई राह्यले..." वहिनीचा फोन आला तेव्हा मी बदनापूरच्या शाळेत, वर्गाच्या दाराशी उभी होते. गावी, केदारखेड्याला पोचेपर्यंत दादाला अंगणात आणून ठेवलं होतं. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

मधुकरदादा माझा थोरला भाऊ. आमच्या घरात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. दादा तरुणपणी आखाती देशात गेला आणि थेट समुद्रातच कामाला लागला. तिथल्या एका उपसागरावर, या काठापासून त्या काठापर्यंत, दगडांचा भराव टाकून रस्ता बांधत होते. दादा डंपर चालवायचा. सुट्टीवर आला की आई विचारायची, "कुठवर आला रे रस्ता?" तो म्हणायचा, "दगड टाकून राह्यलो, माय. समुद्र गिळून राह्यला." आम्ही हसायचो, तो हसायचा नाही. बाबा गेले तेव्हा दादाचा पासपोर्ट मालकाकडे होता, त्यानं सोडलं नाही. अग्नी चुलतभावानं दिला. त्या दिवशीही आपण डंपर नेऊन पाण्यात रिकामा केला, एवढंच त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं.

रस्ता पुरा होत आला तसं मजुरांना परत पाठवलं. उद्घाटन त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही. दादा आला तो खोकला घेऊनच. तरी एक आस होती, वहिनीला शेजारी बसवून एकदा त्या रस्त्यानं पार जायचं. ते जमणारं नाही हे त्यालाही कळत असावं... मग त्याचा मुलगा संदीप, इथं काम मिळेना म्हणून, त्याच देशात ड्रायव्हर होऊन गेला. "जाऊ नको" म्हणून दादानं हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. गेल्या वर्षी त्या रस्त्यावरून जाताना संदीपनं व्हिडिओ कॉल लावला. फोन शेजारी बसलेल्या दोस्तानं धरला होता. दादा खाटेवर सरळ होऊन बसला. दोन्हीकडे निळं पाणी, मधे काळंभोर डांबर. आमच्या हातातला चहा संपायच्या आत संदीप ओरडला, "बाबा, आलो बी पार!"

"संपला?" दादानं विचारलं. "एवढाच व्हता?"

"हा ना! बिलकुल मख्खन रस्ता हे."

दादानं फोन वहिनीकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानंतर त्या रस्त्याचं नाव त्यानं काढलं नाही. औषधंही मनावर घेतली नाहीत.

संदीपलाही येता आलं नाही. माझ्या हातातल्या फोनवर त्यानं बापाला जळताना पाहिलं. "आत्या, जरा जवळ धर ना," एवढंच तो म्हणत होता.

तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. परत आल्यावरही दादा शुक्रवारच पाळायचा. सकाळी गरम पाण्यानं दाढी, धुतलेला सदरा, आणि मग दिवसभर कुठंच जायचं नाही. वहिनी अजून शुक्रवारी दाढीच्या पाण्याची वाटी ओसरीवर आणून ठेवते. मागच्या खेपेला मी नुसतं "वहिनी..." म्हटलं.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "निवलं की फेकते."

संध्याकाळी मी निघाले तेव्हा वाटी तिथंच होती.