माय, दोन कॅमेरे आणि माझी वही

चार महिने मी कॅमेरा निवडत होतो. म्हणजे रोज जेवण झालं की मोबाईलवर माणसं कॅमेऱ्यांची तुलना करताना पाहत होतो. एवढं कळलं होतं की कॅमेरा एकटा घरात येत नाही. एका कंपनीची बॉडी घेतली की पुढच्या सगळ्या लेन्स तिलाच बसतील अशा घ्याव्या लागतात. म्हणून मी वहीत रकाने पाडले होते: सेन्सर, वजन, लेन्स. बायको म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणालात." मी म्हणालो, तेव्हा वही नव्हती.

लोकांना मी छंद म्हणून सांगायचो. खरं कारण माय होती. माय लासूर स्टेशनला राहते, अजून शेताकडं बघते. वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा फोटो सापडेना. शेवटी पासबुकावरचा मोठा करून घेतला. त्यात ते बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतात, आणि साहेब जेवायला गेलेला. दिवाळीत त्या फोटोची काच पुसता पुसता माय म्हणाली, "माझा असला लावू नको, बाबा. तुझा बाप लई हसायचा. हे बघून कोणाला खरं वाटंल?"

अडचण अशी की समोर कॅमेरा दिसला की मायचा चेहरा रेशनकार्डावरचा होतो. पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर, ओठ गच्च. श्वाससुद्धा धरून ठेवते.

इकडं शहरात, क्रांती चौकाजवळ एका दुकानात कॅमेरे भाड्यानं मिळतात. घेण्याआधी मोठा आणि लहान, दोन्ही प्रकार वापरून बघा, असं दुकानदारानंच सुचवलं. पहिल्या रविवारी मी वहीत पहिला आलेला नेला. चांगला दणकट, पुढं हातभर लेन्स. माय अंगणात ज्वारी पाखडत होती. मला पाहताच तिनं सूप ठेवलं, आत गेली आणि लग्नाकार्यातलं लुगडं नेसून आली. खुर्ची मागवली. शेजारच्या दोघींनाही बोलावलं, कारण एवढा मोठा कॅमेरा एकटीसाठी बरा दिसत नाही. मी चाळीस फोटो काढले. चाळीसही रेशनकार्डाचे, फक्त अतिशय स्पष्ट. भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. माझी मान तीन दिवस दुखली, ते वेगळंच.

पुढच्या रविवारी लहान नेला. तळहातात मावेल एवढा, एकच साधी लेन्स. वहीत तो शेवटच्या ओळीत होता. फोटो काढताना आवाज करत नाही, एवढा एक गुण मी त्याच्यापुढं पेन्सिलीनं लिहिला होता.

या वेळी मायनं सूप खाली ठेवलं नाही. "कॅमेरा विसरलास व्हय?"

"हा काय."

"ही तर तंबाखूची डबी."

आणि ती हसली. मान मागं टाकून, पदर खांद्यावर घसरलेला, केसांत ज्वारीचा भुसा. मी कॅमेरा छातीशी धरूनच बटण दाबलं. आवाज आला नाही. तिला पत्ता नव्हता, म्हणून ती हसत राहिली आणि मी दाबत राहिलो.

त्यातला एक जमला. सूप अर्धं कापलं गेलंय, हात हललेला आहे, वहीच्या नियमानं नापासच. पण त्यात माय आहे. तिला मागच्या पडद्यावर दाखवला. चष्मा पुसून तिनं बराच वेळ पाहिला.

"पडलेला दात दिसतोय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पन हाच लाव. इतक्यात नको मातर."

सोमवारी मी डबी विकत घेतली. फोटो सध्या आमच्या फ्रिजवर आहे. भिंतीची घाई कुणालाच नाही. माय आता दर रविवारी डबी आणली का विचारते, आणि नाही म्हटलं तर रुसते. बायकोनं वही रद्दीत टाकली होती. ती मी हळूच काढून ठेवली आहे. दुसऱ्या लेन्सचं बघायचंय.