गौतमीला काय लागलं होतं

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडेबाजारात गौतमी शिरली की भाजीवाल्या बायका तराजू हातात धरून थांबायच्या. थांबतील नाही तर काय? डोक्यापासून पायापर्यंत काळं. काळा कुडता, काळी ओढणी, पायात काळे बूट, काजळ म्हणावं तर ते डोळ्यांबाहेर बोटभर ओढलेलं, ओठ जांभळं खाल्ल्यासारखे, आणि बोटांत चांदीच्या सात अंगठ्या. अशा थाटात ही बाई अर्धा किलो गवार घ्यायची, घासाघीस करायची, वर मूठभर कोथिंबीर मागायची आणि खळखळून हसायची. ते हसणंच लोकांना जास्त खुपायचं. एवढं काळं घातलंय तर निदान तोंड तरी पाडून बसावं की माणसानं.

वय सव्वीस. रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. कंपनीत सगळ्यांसारखा निळा युनिफॉर्म आणि अंगठ्या लॉकरमध्ये, पण बसमध्ये चढता-उतरताना लोकांना दिसायचं ते दिसायचंच. एचआरच्या मॅडमनी एकदा दार लावून विचारलं, घरी काही त्रास आहे का, जीव द्यावासा वाटतो का. लाइनवरच्या मुलींनी ठरवून टाकलं होतं की हिला कुणीतरी सोडलंय. एक ऑपरेटर तिच्या हातातून पार्टच घेत नसे, पहले टेबल पर रखिये म्हणे. गौतमीनं प्रत्येकाला बसवून सांगून पाहिलं. याला गॉथ म्हणतात. हे मुळात गाण्यांचं आहे, संथ, जड, दुःखाला तोंड न लपवणाऱ्या गाण्यांचं. ती गाणी आवडणारी माणसं असे कपडे घालतात. यात सैतान नाही, करणी नाही, कुणाचं वाटोळं करायचं नाही. पुण्यात डिप्लोमाला असताना होस्टेलवरच्या मैत्रिणीनं ऐकवली आणि तिला वाटलं, आपल्या आतलं कुणीतरी बाहेर बोलतंय. एवढंच. ऐकणारे मान डोलवायचे आणि तिची पाठ फिरली की पुन्हा तेच. सांगून सांगून तोंड दुखलं बिचारीचं.

तरी ती सगळं हसण्यावारी नेत होती, कारण घरी आबा होते.

आबा म्हणजे तिचे वडील, कोंडिबा. शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. पण नोकरी ही पोटासाठी. जीव सगळा लोकांच्या डोक्यातली भुतं काढण्यात. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा लोकांना पाठ असतात, आबा त्या जगायचे. गावोगाव जाऊन जिभेवर कापूर पेटवून दाखवायचे, नारळातून केस कसे काढतात ते उलगडून सांगायचे. तिठ्यावर कुणी उतारा टाकलेला दिसला की त्यातलं लिंबू खुशाल घरी आणायचे आणि विठाबाईंना, म्हणजे बायकोला, सरबत करायला लावायचे. गौतमी त्या सरबतावरच वाढली. ती पहिल्यांदा काळ्या कपड्यांत घरी आली तेव्हा विठाबाईंनी कपाळाला हात लावला. आबा मात्र म्हणाले, काळ्यानं कुणाचं काय वाकडं केलंय, आपण अक्षरं काळ्या पाटीवरच गिरवली. त्या दिवशी तिला वाटलं, जग गेलं तेल लावत, आपला बाप आपल्याला ओळखतो.

मग मागच्या चैत्रात साखरबाई आल्या आणि सगळं फिसकटलं.

साखरबाई पोपटरावांच्या मंडळी. ऊस, ट्रॅक्टर, सोसायटीत वजन. तीस वर्षांत त्यांनी बौद्धवस्तीच्या वळणाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी भर दुपारी पदराखाली लिंबू आणि टाचण्या घेऊन दारात उभ्या. गौतमीला सुट्टी होती, घरात ती एकटीच. मुलगा रविराज बायकोला घेऊन वेगळा राहायला गेला, तेव्हापासून छातीत धडधडतं, डोळ्याला डोळा लागत नाही, नक्कीच कुणीतरी केलंय, असं साखरबाईंचं म्हणणं. तू यातली जाणकार हायेस, तूच उतरव, म्हणाल्या. गौतमीला आधी हसू फुटत होतं, पण ती बाई उंबऱ्यातच मटकन बसली. मग तिनं आबांनी शिकवलं तेच केलं. लिंबू घेतलं, चिरलं, माठातलं पाणी, साखर, मीठ घालून दोन पेले सरबत केलं. एक स्वतः प्याली, दुसरा पुढे केला. साखरबाई प्याल्या. आपल्या घरचं पाणी ह्या बाईनं प्यावं, यासाठी आबांनी जन्मभर भाषणं केली होती! त्यानंतर त्या दीड तास बोलल्या, रडल्या, पोराला शिव्या घातल्या आणि मोकळ्या होऊन उठल्या. गौतमीनं बजावलं, काकू, मी काही केलं नाही, तेवढं बीपी दाखवून घ्या. काकूंनी मनाशी ताडलं की खरे जाणकार असंच म्हणतात.

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. सकाळी सगळ्या गावाला कळलं की कोंडिबाच्या पोरीनं लिंबावर उतरवलं.

आठ दिवसांत तीन बायका लिंबं घेऊन दारात. पुढे न्हावऱ्याला आबांचा कार्यक्रम होता. जिभेवर कापूर पेटवून झाला आणि मागून एक जण उठला, म्हणाला, आबा, आधी घरातली देवरुषीण आवरा. सभा खदाखदा हसली. आबा घरी आले ते पाणीही न पिता गौतमीसमोर उभे राहिले.

"साखरबाईकडनं लिंबू घेतलंस का न्हाई?"

"घेतलं आबा, पन..."

'पन'च्या पुढचं त्यांनी ऐकलं नाही. पिशवी भरली आणि मुलाकडे दौंडला निघून गेले. गौतमीचा भाऊ संघर्ष तिथं रेल्वेत होता, त्याला क्वार्टर होतं.

सात महिने झाले. ओट्यावर शेजारी बसून पेपर वाचणारं माणूस नाही, की कंपनीतलं काही सांगायला लागलं तर चष्मा कपाळावर चढवून ऐकणारं कुणी नाही. गौतमीला आबा इतके हवेसे झाले होते की कंपनीतून आली की ती आधी ओट्याकडे बघायची. विठाबाई करवादायच्या, तुमच्या दोघांच्या हट्टापायी माझा जीव टांगणीला लागलाय. दर सुट्टीला ती न्हावऱ्याला बस बदलून, चौफुल्यावरून दौंड गाठायची. आबा पेपर तोंडासमोर धरायचे तो ती निघेपर्यंत खाली यायचा नाही. एकदा तिनं पेपराच्या अलीकडूनच लिंबाची सगळी हकिकत सांगितली. पान उलटल्याचा आवाज आला, बास.

अखेर वहिनीच्या, राजश्रीच्या, तोंडून निरोप आला. ते काळं उतरवून ये, मग बोलेन.

गौतमी चार दिवस धुमसली. पाचव्या दिवशी तिनं आईची पांढरी साडी मागितली, विहारात वंदनेला नेसतात ती. काजळ पुसलं, अंगठ्या डब्यात टाकल्या. आरशात बघितलं तर कुणाचं तरी नात्यातलं माणूस उभं आहे असं तिला वाटलं. तरी गेली. काळी कापडं पिशवीत होती, ती का घेतली ते तिलाही सांगता आलं नसतं.

आबांनी दार उघडलं आणि पेपर बाजूला पडला. "ये बाळा" म्हणाले. काय सांगू, त्या दोन शब्दांवर ती मेणासारखी मऊ झाली. जेवताना त्यांनी स्वतः तिला वाढलं. कंपनीत पगारवाढ मिळाली का, आईचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारून घेतलं. जेवण झाल्यावर पाठीवर हात ठेवून बसले. ती हलली नाही, हात उचलला जाईल म्हणून. सात महिन्यांची भूक होती ती.

मग राजश्री चहा घेऊन आली आणि आबा मोठ्या समाधानानं तिला म्हणाले, "बघ, उतरलं का न्हाई पोरीचं? आता बरी झाली."

गौतमीच्या पाठीवरचा हात तसाच होता. तिनं मान वळवली.

"आबा, काय उतरलं?"

आबांनी दुसऱ्या हातानं चहाचा कप उचलला.

"म्हंजी मला कायतरी लागलं व्हतं, असं तुमीबी धरून चालला व्हता?"

भल्याभल्या देवरुष्यांना भर चौकात गप्प करणारा माणूस. त्यांचा हात पाठीवरून हळूच खाली आला. गौतमी उठली, मोरीत जाऊन कपडे बदलून आली. साडीची घडी करून राजश्रीच्या हातात दिली, आईची आहे, मला बरोबर नको, नंतर पाठव म्हणाली. येते आबा, म्हणाली. त्यांनी ये म्हटलं नाही.

बस दौंडच्या बाहेर पडून बरीच पुढे आली तरी ती रिकामी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आपण बरोबर बोललो हे कळत होतं, पण बरोबर बोलून करायचं काय? गिळून टाकला असता तो एक शब्द, तर आणखी तासभर तो हात राहिला असता पाठीवर. कुणासमोर कधी न रडलेली ती शेजारच्या बाईदेखत रडली. काजळ लावलेलं नव्हतं हे एक बरं.

चौफुल्यावर फोन वाजला. आबा. सात महिन्यांत पहिल्यांदा. पलीकडे रेल्वेची अनाउन्समेंट ऐकू येत होती.

"गौतमे," आबा म्हणाले, "लोकांची भुतं काढत फिरलो गं, अन् माझ्याच डोक्यात बसलं व्हतं. समोर बोलाया तोंड झालं न्हाई."

फोन कुणीच ठेवला नाही. न्हावऱ्याची गाडी लागली, ती फोन कानाशी धरूनच तिच्यात चढली. घरी कधी येताय, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं आणि ते नाही म्हणाले तर, या भीतीनं तिनं विचारलं नाही, आणि त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत रेंज जाईपर्यंत तशीच बसून राहिली.