भानुदासरावांची झोपवलेली बाग

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सगळं कळंब परसात मेथी, पालक, लसूण लावायच्या घाईत असतं. नेमके तेव्हाच आमचे शेजारी भानुदासराव हातात कात्री घेऊन स्वतःच्या बागेचं वाटोळं करायला उतरायचे. गुलाब बुडख्यापासून छाटायचे, वांगी उपटायचे, वाफ्यांवर उसाचं पाचट गुडघाभर पसरायचे आणि लिंबाच्या रोपाला पोतं गुंडाळून सुतळीनं करकचून आवळायचे. तेही भरदुपारी, घामानं निथळत! वर कंपाउंडपलीकडून मलाच सुनवायचे, "थंडी म्हंजे काय, तुमाला न्हाय कळायचं. झाडं झोपवावी लागत्यात."

हे ज्ञान त्यांनी कॅनडातून आणलं होतं. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे, प्रशांतकडे, एकदाच जाऊन आले. बर्फ पडायच्या आधी तिथं बाग कशी झाकतात ते पाहिलं आणि परतले ते थेट थंडीतले तज्ज्ञ होऊन. आमच्याकडे पहाटे चढवलेला स्वेटर ऊन वर आलं की काढून खांद्यावर टाकावा लागतो, हे ते बहुधा विमानातच विसरले. पाचटाला वाळवी लागायची, पोत्यातलं लिंबू गुदमरून पिवळं पडायचं. एकदा म्हटलं, "राव, उकडतंय त्याला." तर म्हणाले, "गावंढळपणा सोडा जरा."

पहिल्याच वर्षी त्यांनी त्यांच्या बायकोचा, इंदूवहिनींचा, वालाचा वेल कापला. ऐन फुलात! येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जेवायला जातात आणि पातेलंभर भाज्यांची भज्जी होते. आमच्या गल्लीच्या भज्जीत वहिनींच्या वालाच्या शेंगा नाहीत, असं कधी घडलं नव्हतं. त्या वर्षी वहिनींनी शेंगा बाजारातून आणल्या, पिशवी पदराखाली झाकून.

मी चिडून विचारलं, "तुम्ही गप्प कशा बसता?"

"जाऊ द्या वो, भावजी," त्या म्हणाल्या. "प्रशांत म्हनलाय, यंदाच्या हिवाळ्यात आईला घिऊन या, बर्फ दावतो. आमी दोघं गेल्यावर झाडांला पाणी कोन घालनार? म्हनून झाकत्यात."

आधीच्या खेपेला वहिनींचा पासपोर्ट झाला नव्हता, म्हणून राव एकटेच जाऊन आले होते. आता तो तयार होऊन कपाटात पडला होता.

म्हणजे हा सगळा उद्योग एका फोनच्या भरवशावर! दरवर्षी बाग झाकली जायची, माळ्यावरून बॅग उतरायची, आणि प्रशांत फोनवर म्हणायचा, "यंदा जरा गडबड आहे, पुढच्या वर्षी नक्की." राव फोन ठेवून परसात यायचे आणि पाचटाचा आणखी एक भारा पसरायचे. "मोठ्या हुद्द्यावर हाय त्यो. सवड कुठली?" हे सांगताना छाती अशी काढायचे, जणू नकार नव्हे, मानपत्रच मिळालंय. मुलाचा मला राग यायचाच, पण रावांचा जास्त यायचा. शहाण्या माणसानं दुसऱ्याच वर्षी निमूट मेथी टाकली असती. यांनी मात्र नवी पोती आणली.

गेल्या कार्तिकात बाग झाकून झाली आणि चार दिवसांत राव गेले. झोपेतच. प्रशांत मात्र लगेच आला. या वेळी सुट्टीही मिळाली आणि तिकीटही मिळालं.

तेरावा झाल्यावर तो परसात उभा राहिला. पोत्यांकडे बघत म्हणाला, "आई, बाबांनी हे काय करून ठेवलंय? इथं कुठं बर्फ पडतो?"

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. "तूच म्हनला व्हतास की, हिवाळ्यात या म्हनून."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, काढा ती पोती. आता कुठं जायाचं न्हाय. मेथी टाकू."

मी पाचट ओढायला लागलो. प्रशांतही बाह्या सावरून पुढं आला आणि लिंबापाशी बसला. रावांनी मारलेली सुतळीची गाठ काही त्याच्यानं सुटेना. तो नखांनी ओढत राहिला.

वहिनी थोडा वेळ बघत होत्या. मग उठल्या, त्याच्या हातातून सुतळी घेतली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, बाबा. तुला गडबड असंल."