नजर सदैव पुढे

नदीकाठच्या वल्हवणाऱ्यांच्या क्लबात सुतारमामांची उभी हयात बोटींची भोकं बुजवण्यात गेली, आणि सेक्रेटरीसाहेबांची क्लबाचा इतिहास लिहिण्यात. 'नदी सर्वांची', 'शिस्त', 'बंधुभाव' अशी मूल्यं त्यांनी भिंतभर रंगवून घेतली होती आणि सगळ्यांच्या वर ध्येयाची पाटी होती: 'नजर सदैव पुढे'. ती पाटी मामांनीच ठोकली होती. इतिहासात मामांचा म कुठे नव्हता, पण भोकं काही इतिहासानं बुजत नाहीत.

वर्धापनदिनी फोटोसाठी साहेब जन्मात पहिल्यांदा बोटीत चढले आणि ध्येयाला जागून नदीकडे तोंड करून ऐटीत बसले.

"साहेब, उलटे बसलात," धक्क्यावरून मामा म्हणाले. "वल्हवताना जायचं तिकडे पाठ करून बसतात."

"मामा, या क्लबाचा इतिहास मी लिहिलाय!" साहेब गुरकावले आणि त्यांनी सगळा जोर लावून वल्ही ओढली.

बोट मागच्या मागे सुटली ती धाडकन धक्क्यावर आदळली. मागची फळी फुटली. मामा हत्यारांची पेटी आणायला वळले.

काठावरच्या कमिटीनं मात्र टाळ्यांचा कडकडाट केला. बोट निघते ती अशीच, असं त्यांना वाटलं.