गळ्यातली नागीण

नव्या चामड्याचा वास आला की खोपोलीच्या जत्रेतली चामड्याची माळ आठवते. ती मी कॉलेजात मिरवली आणि आठवड्यात गळ्याभोवती लाल, खाजरे फोड उठले. मागे सुती नाडी होती, तेवढी बोटभर जागा कोरी राहिली. "नागीण हाय गं! तोंडाला शेपूट मिळालं तर माणूस वाचत नाय," म्हणत आईने घाबरून तिथे गेरू फासला. इतक्यात धाकटी बहीण रडत आली. तिच्याही गळ्यात नागीण, मागे तेवढीच जागा सोडलेली! "ताईची माळ मी चोरून घातली व्हती." नागीण नव्हे, माळेचं चामडंच बाधलंय हे कळून आई हसत सुटली. माळ शेळीच्या गळ्यात गेली, आम्ही खोबरेल चोपडून बऱ्या झालो. आजही घड्याळाचा चामडी पट्टा घेतला की आधी धाकटीच्या मनगटावर बांधते. ती ओरडते, "ताई, चोरीची शिक्षा आता तरी संपव गं!"