आभार मानायला आमचा दीर

आमच्या धाकट्या दिराने ज्याचे आभार मानले नाहीत, असा माणूस डिचोलीत सापडायचा नाही. सापडलाच, तर तो आमच्या जुन्या हॉलात कधी आलेला नसेल. खाणी जोरात होत्या तेव्हा हा हॉल बांधला; दीर त्या वेळी खनिजाचा ट्रक चालवायचा. उद्घाटनाला आभार मानणारा माणूस आयत्या वेळी आला नाही, म्हणून कुणीतरी याच्या हातात माइक दिला. तो याने परत सोडलाच नाही. त्या हॉलात लग्नं लागली, नाटकं झाली, चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळांचं प्रदर्शन भरलं, साथीत लशी टोचल्या. दर कार्यक्रमाच्या शेवटी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हा माइकपाशी हजर. इस्त्री मी करायची. याने लग्न केलं नाही. बायकोचे आभार मानायचे वाचले, एवढंच.

साड्यांच्या सेलात म्हणाला, "ज्यांनी साडी घेतली नाही त्यांचेही आभार, त्यांनी हात लावून तरी पाहिली." तिथे दुकानदारही हसला. पण सर्वणच्या माझ्या भाचीच्या लग्नात याने माइक घेतला आणि म्हणाला, "ज्या मुलांनी आमच्या मुलीला नकार दिला, त्यांचेही आभार. नाहीतर हा योग आला नसता!" नवऱ्या मुलाच्या आईचं तोंड जे आंबट झालं, ते जिलेबीनेही गोड झालं नाही. लशीच्या वेळी तर सुईचेसुद्धा आभार. लोक दंड चोळत ऐकत उभे.

घरी मी म्हटलं, "तुका लाज नाय रे? लोकांक भूक लागता."

"वयनी, आभार मानल्याबगर लोक घरा कशे वतले?"

"पायांनी चलत वतले."

यंदा हॉल पाडून नवा बांधायचं ठरलं. निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि नेमकं त्याच्या आधी याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. कमिटीने आभाराला दुसरा माणूस नेमला. दीर काही बोलला नाही, बोलणार कसा? शर्ट तेवढा माझ्यापुढे आणून ठेवला. मी मुकाट्याने इस्त्री केली.

दुसरा माणूस उठायच्या आत हा माइकपाशी पोचला. तोंड उघडलं, नुसता वारा. पोरं हसली, मग गप्प झाली. हा तिथेच उभा, मागे फिरेना. मला बघवेना. मी चौथी शिकलेली, त्या स्टेजवर कधी पाय ठेवला नव्हता. चढले.

"दाखय," मी म्हटलं, "हांव सांगता."

त्याने वर बोट केलं. "करकरणाऱ्या पंख्याचे आभार," मी सांगितलं. मग मागचं दार. "पंगतीला सगळे जिथून घुसायचे, त्या दाराचे आभार." मग मोडक्या कदेलांकडे, खुर्च्यांकडे. त्यांचेही मानले. लोक टाळ्या वाजवायला लागले.

मग त्याने बोट माझ्याकडे केलं.

"आभार संपले," मी माइकात म्हटलं. "जेवून जा."

त्याचं बोट काही खाली येईना. शेवटी तेच धरून मी त्याला पंगतीला नेलं.