तापलेलं विमान आणि थांबलेला पेशंट

मंडळी, मी तंजावूरची. विमानांतली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सांभाळते. आज दुपारी एका पेशंटला चेन्नईला न्यायला छोटं विमान आलं. उन्हात उभं असतानाच पायलटसमोरचे स्क्रीन काळे झाले. फार तापले की जळू नयेत म्हणून ते आपणहून बंद होतात. तपासलं, तर त्यांना गार ठेवणारा पंखाच बंद पडला होता.

पायलट म्हणाला, "थोडे निवले की निघू?"

"आणि ढगांत पुन्हा बंद पडले तर?"

मी पंखा बदलायला घेतला.

तेवढ्यात अँब्युलन्समधून पेशंटची बायको आली. आमच्यासारखीच इथली मराठी. शर्टावरचं माझं आडनाव वाचून म्हणाली, "अक्का, अजून किती वेळ? यांना धाप लागलीय."

"विमान असंच सोडलं तर तुम्हा दोघांच्याही जिवाला धोका आहे, अम्मा."

ती परत जाऊन नवऱ्याचा हात धरून बसली.

पंखा बसला, विमान गेलं. आत्ताच कळलं, ते पोचले. ऑपरेशन चालू आहे.

माझं चुकलं नाही, हे ठाऊक आहे. तरी विचारते: योग्य कारणासाठी कुणाला थांबवावं लागलं, तर त्याच्या नजरेला नजर कशी देता तुम्ही?